लिफ्ट कंपनीतले माजी मंत्री

सलग चार वेळा निवडून आलेले मंत्रिमहोदय पाचव्या वेळी आपटले, तेव्हा सांत्वनाला आलेल्यांत एकटी त्यांची थोरली बहीण खुशीत होती. तिची लिफ्ट बनवण्याची कंपनी होती, तिचे गुडघे कुरकुरत होते आणि कंपनी सांभाळायला तिला घरचं माणूस हवं होतं.

"उद्यापासून कारखान्यात ये," ताई म्हणाली. "व्यवस्थापकीय संचालक म्हणून. घरी बसलास तर बायकोचं डोकं खाशील."

महिन्याभरात साहेबांनी कारखान्याचा कायापालट केला, निदान कागदावर. तीन समित्या नेमल्या. कँटीनमधल्या नव्या नळाचं उद्घाटन केलं. वायरिंगचं यंत्र आलं तेव्हा फीत दोनदा कापली, कारण पहिल्या फोटोत त्यांचे डोळे मिटले होते. मुख्य मेकॅनिक या कामात पंचवीस वर्षं मुरलेला माणूस. दाराचे चांगले सेन्सर संपलेत, हे तो तीनदा सांगून आला. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "आम्ही याबाबत सकारात्मक आहोत."

मग एका रुग्णालयात कंपनीची नवी लिफ्ट बसली. साहेबांनी तळमजल्यावर भाषण ठोकलं, मेट्रनबाईंना मोठ्या अदबीने आत घेतलं आणि बटण दाबलं. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली.

"काळजी नको," साहेब म्हणाले. "या प्रकाराची सखोल चौकशी होईल."

"त्याने दार उघडेल का?"

"दोषींची गय केली जाणार नाही."

"कोण दोषी?"

वरून मेकॅनिकचा आवाज आला, "साहेब, सेन्सर हलका बसवलाय. चांगला मागवायचा कागद तुमच्या टेबलावर पडून आहे."

मेट्रनबाई वळल्या. साहेबांच्या हाताशी सचिव नव्हता, पुढच्या कार्यक्रमाची घाई नव्हती, पळायला दार तर नव्हतंच. बाई पन्नास मिनिटं बोलल्या. जुनी लिफ्ट बंद पडली की रुग्णाला चादरीत घालून जिन्याने कसं न्यावं लागतं, वळणावर कोणाची पाठ धरते, सगळं. साहेब आधी नाइलाजाने ऐकत होते. नंतर त्यांनी घाम पुसायचंही सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. राजकारणात त्यांनी असे सहा दिले होते आणि एकही मंजूर झाला नव्हता. ताईने चष्मा लावला, राजीनामा शांतपणे वाचला आणि मंजूर केला.

"अगं, तू माझी समजूत काढायची होतीस," साहेब कळवळले.

"कशाला? किती छान लिहिलायस. आता तक्रार विभागात बस. फोन तू उचलायचा."

साहेब आठवडाभर फुरंगटून बसले. पण लोकांच्या शिव्या ऐकायची तीस वर्षांची सवय इथे कामी आली. पलीकडचा कितीही तापलेला असो, साहेब मधे बोलत नसत, फोन आपटत नसत. सगळं लिहून घेऊन मेकॅनिककडे जात आणि तो "बघतो" म्हणाला की तिथेच स्टूल ओढून बसत. हा डाव त्यांच्यावर मतदारांनी अनेकदा टाकला होता. मेकॅनिकने वैतागून त्यांना अडकलेलं दार किल्लीने उघडायला शिकवलं.

दीड वर्षात गिऱ्हाईकं नव्या लिफ्टची मागणी नोंदवायलाही तक्रार विभागात फोन करू लागली. ताईने साहेबांना पुन्हा संचालक करायचं ठरवलं, तेव्हा मेकॅनिकने तीन सेकंद विचार केला आणि म्हणाला, "समित्या नेमणार नसतील तर चालेल." साहेबांनी त्याच दुपारी तिन्ही समित्या मोडीत काढल्या.

पुढच्या निवडणुकीआधी पक्षाचा सरचिटणीस हार घेऊन आला. "या वेळी तिकीट पक्कं, साहेब. मंत्रिपदही."

 साहेबांचे हात आपोआप नमस्कारासाठी जुळले. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली मेकॅनिक नव्या लिफ्टची कळ तपासत होता आणि कोणावर तरी मनसोक्त खेकसत होता.

"विचार करून कळवतो," साहेब म्हणाले.

सरचिटणीस हसला, या वाक्याचा अर्थ त्याला पाठ होता. पण चार वाजता त्याचा फोन वाजला आणि साहेबांनी चक्क कळवलं: जमणार नाही. त्याला इतका धक्का बसला की त्याने दोनदा विचारलं, कोण बोलतंय.