पेला नेणारा

"तुझा धंदा तूच मारतोयस, न्यो विन," फ्यो चहा गाळता गाळता म्हणाला आणि गाळण्यानंच रस्त्यापलीकडे दाखवलं.

पलीकडे चिंचेखाली आमची पाणपोई. चार खांब, वर पत्रा, खाली तीन रांजण, आणि मधल्या रांजणाच्या झाकणाला साखळीनं बांधलेला जर्मनचा पेला. मंडालेहून आलेली बस नुकतीच थांबली होती. चाळीसेक माणसं उतरली, त्यातली तीस तरी सरळ चिंचेखाली गेली. फ्योच्या दुकानात बर्फाच्या पेटीत माझ्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या नुसत्याच गार होत पडल्या होत्या. त्या बसनं चार घेतल्या.

"तूही टेबलावर चहाचा थर्मास फुकट ठेवतोस की," मी म्हणालो.

"तो माणूस बसावा म्हणून. बसला की समोसा घेतो. तुझ्या रांजणापाशी उभं राहून कोण काय घेतं रे? पुण्य?" असं म्हणून तो हसला. आम्ही एका वर्गातले, त्यामुळे तो काहीही बोलू शकतो.

पाणपोई माझी नाही, आईची. वडील गेले त्या वर्षी तिनं त्यांच्या नावानं रांजण मांडले. पाणी शुद्ध करायचा माझा कारखाना त्यानंतर पाच वर्षांनी आला. कारखाना म्हणजे एक बोअर, तीन टाक्या, आणि बाटल्या धुणाऱ्या दोन पोरी. नाव आईचंच दिलं, दॉ म्या यी. बाटलीवर तिचा फोटो, गालाला तनाखाच्या सालीचा उगाळलेला लेप लावलेला. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा.

आणि हे खोटं नाही की मी पाणी विकून गावाची पोटं सुधारली. आधी आम्ही तळ्याचं पाणी प्यायचो. उन्हाळ्यात घरटी एक माणूस हगवणीनं आडवं असायचं. आता वीस लिटरचा जार मी गावात जवळजवळ खर्चाच्या किमतीत देतो, शाळेला आणि मठाला फुकट देतो. हे सगळं निघतं बसवाल्यांच्या बाटल्यांमधून. नफा नसता तर सेवाही नसती, असं मी मठातल्या गुरुजींनाही सांगितलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. पुढे जे केलं त्यालाही मी स्वतःला हेच कारण दिलं. कारण खरं होतं, म्हणून तर ते इतकं उपयोगी पडलं.

रांजण काढणं माझ्यानं झालं नसतं. मी फक्त पेला काढला. दुपारची बस यायच्या आधी गेलो, साखळीची कडी उघडली आणि पेला लुंगीच्या ओच्यात घातला. पाणी आहे, तीन रांजण काठोकाठ आहेत, मी कुणाचं काय नेलं?

त्या बसनं एकोणीस बाटल्या घेतल्या.

आईला सांगितलं, कुणीतरी पेला चोरला. ती म्हणाली, जर्मनच्या पेल्यासाठी कोण चोरी करणार, लागत असेल बिचाऱ्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी रांजण भरायला गेली तेव्हा तिनं करवंटीला दांडा लावून नेला. दुपारी मी तो काढला. मग प्लास्टिकचा पेला. मग स्टीलची वाटी. मग माझीच एक रिकामी बाटली मधोमध कापून तिनं सुतळीनं बांधली. आईच्या फोटोतला अर्धा चेहरा तिच्यावर होता. तीही काढली. सगळं कारखान्यात टाकीखाली ठेवत गेलो. फेकवत नव्हतं आणि दिसू द्यायचंही नव्हतं.

पेला नसला तरी तहानलेला माणूस थांबत नाही. भुईमूग काढायला जाणाऱ्या बाया ट्रकमधून उतरायच्या, बाटली परवडायची नाही, मग झाकण काढून ओंजळ आत बुडवायच्या. मातीचे हात. चार दिवसांत रांजणाचं पाणी गढूळ झालं, तळाशी गाळ बसला. आणि तेव्हा मी, मी स्वतः, फ्योच्या दुकानात उभा राहून एका प्रवाशाला म्हणालो, "रांजणाचं पिऊ नका हो, घाण असतं, पोट बिघडेल." प्रवाशानं माझे आभार मानले. फ्योनं माझ्याकडे पाहिलं आणि फडक्यानं टेबल पुसायला घेतलं. ज्या टेबलावर कुणी बसलंच नव्हतं, ते.

सातव्या दिवशी मी नेहमीसारखा गेलो, हात घातला, काढला, ओच्यात टाकला. एव्हाना डोळ्याच्या आधी हात काम करत होता. कारखान्यात टाकीखाली ठेवताना पाहिलं. वडिलांचा पांढरा मग होता. निळ्या काठाचा, कानाजवळ टवका उडालेला. मरायच्या दिवशीही त्यांनी याच मगातून दोन घोट घेतले होते. इतकी वर्षं आईनं तो देव्हाऱ्याच्या फळीवर पालथा ठेवला होता.

मी तो परत नेऊन लावायला हवा होता. पण बसचा भोंगा ऐकू आला. मी टाकीखाली बाकीच्यांच्या शेजारी तो ठेवला आणि बाटल्यांची पेटी उचलली.

संध्याकाळी आई देव्हाऱ्यासमोर बसली. आमच्यात दान केलं की त्याचं पुण्य वाटून टाकायचं असतं. वाटीत थेंब थेंब पाणी सोडत सगळ्यांची नावं घ्यायची. आईची यादी लांब. वडील, तिची मेलेली बहीण, गावातली, रस्त्यावरची, झाडावरची भुतंसुद्धा. मी शेजारी हात जोडून बसलो होतो, रोजच बसतो. यादी संपली तरी तिनं पाणी सोडायचं थांबवलं नाही.

"आणि जो पेला नेतो त्यालाही," ती म्हणाली. "त्याच्या घरी पाणी प्यायला भांडं नसेल. त्याच्या बापाला माहीत नसेल की पोराचे असे हाल आहेत. त्यालाही यातलं पुण्य मिळो. त्याची तहान भागो."

मग ती माझ्याकडे वळली, कारण पुण्य वाटलं की शेजारच्यानं तीनदा साधु म्हणायचं असतं. तेव्हाच ते पोचतं.

"म्हण की," आई म्हणाली.

मी म्हणालो. साधु, साधु, साधु.

पहाटे मी वडिलांचा तो मग नेऊन साखळीला लावला. रांजण घासून तिन्ही भरले. बाकीचे पेले तसेच टाकीखाली राहिले, त्यांचं काय सांगणार होतो? मी आईला काहीच सांगितलं नाही. सांगेन असं म्हणत होतो, पण त्याआधीच ती धावत आली, साठी उलटलेली बाई धावत आली, आणि म्हणाली, "आणून दिला रे त्यानं! मी म्हणत नव्हते, वाईट नव्हता तो."

त्या दुपारी दुकानात फ्योनं मला बाजूला घेतलं. आई येऊन गेली होती. कमरेच्या गाठीतले पैसे काढून तिनं एक बाटली विकत घेतली होती. गार नको म्हणाली, साधीच दे.

"फुकट देत होतो," फ्यो म्हणाला. "घेईना. म्हणते, दान फुकटात होत नाही. मग घेतले पैसे. तुझा हिस्सा धरून घेतले." आणि मग हळूच, "तिला मी सांगितलेलं नाही."

मी पलीकडे पाहिलं. मधल्या रांजणाशेजारी माझी बाटली उभी होती, सील न तोडलेली. आईनं पेला नेणाऱ्यासाठी ठेवली होती, त्याच्या घरी पाणी नसेल म्हणून.

याला आता दोन महिने झाले. एप्रिलमधला, नव्या वर्षाचा पाण्याचा सण येऊन गेला. बसमागे बाटल्या पुन्हा चार-पाचवर आल्या. जाराची किंमत मला पन्नास क्यातनं वाढवावी लागली आणि गावानं ती कुरकुर न करता दिली. लोक वडिलांच्या मगातून पाणी पितात. ती बाटली कुणी उचलत नाही. सगळ्यांना माहीत आहे ती कुणासाठी आहे.

मी उचलली तर आईला बरं वाटेल. हात पुढे होत नाही.

"नेली का रे त्यानं?" ती अजून रोज विचारते.

"नाही अजून," मी सांगतो.

मग ती सकाळी जाते, खांद्यावरच्या फडक्यानं बाटलीवरची धूळ पुसते, उन्हानं फोटोतला स्वतःचाच चेहरा पुसट झालाय तिकडे तिचं लक्ष नसतं, आणि चिंचेची सावली जिकडे सरकेल तिकडे बाटली सरकवून ठेवते, त्याला पाणी गरम लागू नये म्हणून.