थांब, आलू

कोपरखैरणे गावातल्या गणूच्या दारावरची बेल बोलायची, आणि तीही त्याच्या बायकोच्या, चंदाच्या आवाजात. बेलमध्ये आपला आवाज भरायची सोय होती. चंदाने कोळंबी सोलता सोलताच ओरडून टाकलं होतं, "थांब, आलू." आलू म्हणजे आले. पण बनारसचा कुरियरवाला बाहेरून म्हणायचा, "आलू नहीं, पार्सल है," आणि चंदा पोट धरून हसायची.

चंदाला जाऊन वर्ष होत आलं. बेल मात्र अजून सांगत होती, थांब, आलू. शेजारची पोरं जिना चढताना कानांवर हात ठेवायची. लेक मिताली खारघरहून माहेरी आली की म्हणायची, "बाबा, काढून टाका ना ती. अंगावर काटा येतो." गणू ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

पण हल्ली तो आवाज खोल जायला लागला होता. शब्द लांबायचे, घरघरायचे. शेवटच्या महिन्यात चंदा अशीच बोलायची. बायकोला दुसऱ्यांदा मरताना ऐकायचं बळ गणूच्या छातीत नव्हतं.

होडीच्या इंजिनापासून मिक्सरपर्यंत त्याने जन्मभर सगळं स्वतः उघडून दुरुस्त केलं होतं. बेलच्या या मेल्या डबीला मात्र एक स्क्रू नाही, नुसती चिकटवून बंद केलेली. वाशीचा दुकानदार म्हणाला, "काका, बॅटरी संपत आलीय. पण ही खोलायची नसते, फेकायची असते. आतली बॅटरी सुटली की आवाजपण पुसला जाईल."

"बनवनाऱ्याच्या घरात कोन मेलाच नाय वाटतं," गणू म्हणाला आणि डबी उचलून घरी आला.

सुरी गॅसवर तापवून त्याने सांध्यावरून फिरवली. झाकण सुटलं. आत बॅटरीच्या तारा पक्का डाग देऊन जोडलेल्या.

"आधी जुनी काढा ना," माहेरी आलेली मिताली म्हणाली.

"नाय. पयला दोर सोडायचे आधी दुसरा बांधायचा. नायतर होडी जाते."

नव्या बॅटरीच्या तारा त्याने जुनीच्या शेजारीच जोडल्या आणि मगच जुनी कापली. बेल भिंतीवर लावून तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं.

"थांब, आलू."

खणखणीत. आजारपणाआधीची, कमरेवर हात ठेवून बोलणारी चंदा. आणि तिच्या आवाजामागोमाग आतून खरोखरच पावलं वाजली. गणूने घाईघाईने सदरा नीट केला. कडी निघाली, दार उघडलं. दारात मिताली होती.

बापाचं उतरलेलं तोंड तिने बघितलं. तिने ते बघितलं हे त्यालाही कळलं, आणि शरमेने त्याची मान खाली गेली. पोटच्या पोरीने दार उघडलं म्हणून कुणाला कधी वाईट वाटतं का?

मितालीने हळूच दार पुन्हा लोटून घेतलं, आणि गणू बाहेर थांबला.