ठिबकच्या नळीचा चोर

मी एक जुना कुत्रा आहे. नाव भुऱ्या. राहणार चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, हिलाल नानांच्या केळीच्या बागेत. पोलिसांच्या कुत्र्यांना पट्टा असतो, गाडी असते. मला यातलं काही नाही. तरी मित्रांनो, एका चोरीचा छडा मी एकट्याने लावला आहे.

माझा जन्म याच बागेत, वाळलेल्या केळपानांच्या ढिगात झाला. आई लवकर गेली. राखणदार रुपसिंग पावराने मला दुधात भाकर कुस्करून वाढवलं. तो, त्याची बायको रूपा आणि मी बागेतल्याच झोपडीत राहायचो. मोठा झाल्यावर मी रानडुकरं पिटाळू लागलो. नाना कौतुकाने म्हणत, "भुऱ्या शे ना, मंग काय भ्याव?" ते ऐकून मी शेपूट जरा जास्तच वर धरत असे.

गेल्या मे महिन्यात मात्र आक्रीत घडलं. घड पोसण्याचे दिवस होते आणि ठिबकच्या नळ्या रोज तीन-चार ठिकाणी तुटलेल्या सापडू लागल्या. पाणी वाटेतच वाहून जाई, झाडं माना टाकत. नानांनी नळी हातात घेतली, चष्मा घरी असतानाच निकाल देऊन टाकला. "हाई कोयतानं काम शे! सुटी दिधी नही म्हनीसन राग नळ्यासवर काढस का?"

आदल्या आठवड्यात रुपसिंगने भाच्याच्या लग्नासाठी सुट्टी मागितली होती, एवढं खरं.

"मी नही काप्यात, नाना," रुपसिंग म्हणाला.

"दोन दिवसमा चोर दखाड, नहीते बिऱ्हाड उचल."

रुपसिंग गेला तर माझं घरच गेलं. मी लगेच कामाला लागलो. सगळ्या नळ्या हुंगल्या. मित्रांनो, प्रत्येक नळीला रुपसिंगच्याच हाताचा वास! क्षणभर मीही घाबरलो. मग आठवलं, नळ्या जोडतो कोण? तोच. त्या वासाखाली दुसरा एक हलका, केसाळ वास होता. तो मात्र ओळखू येईना.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी रात्रभर जागतो, पण दुपारी जेवणानंतर गाढ झोपतो. बागेतली माणसंही तेव्हा सावलीत आडवी होतात. चोराला हे ठाऊक असणार!

दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून पडलो, पण झोपलो नाही. ऊन रणरणत होतं. इतक्यात झाडावरून एक खार उतरली, कुरकुर करत तिने नळी कुरतडली आणि तोंड लावून पाणी प्यायली. मागून आणखी दोन आल्या. नळीवरचा तो केसाळ वास त्यांचाच!

भुंकलो असतो तर त्या पळाल्या असत्या. मी जन्मात पहिल्यांदा भुंकणं गिळलं. नाना निंबाखाली आडवे झाले होते, त्यांचा पायजमा धरून त्यांना ओढत आणलं. ते पुटपुटत शिव्या देत आले आणि खारी बघून तिथेच थबकले. आज चष्मा डोळ्यांवर होता.

झोपडीपाशी रूपा भांडी पोत्यात भरत होती. नानांनी ते पोतं स्वतः उचलून आत ठेवलं. "मन्हं चुकनं, रुपसिंग. चोर तं खार निंघनी."

"ती चोर नही, नाना. तिले पानी जोयजे व्हतं."

त्या संध्याकाळी रुपसिंगने फुटक्या माठांची खापरं पाण्याने भरून जागोजागी ठेवली. नळ्या तुटणं जवळजवळ थांबलं. नाना आता रोज खापरं भरली का ते बघतात. रूपा मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मला त्यात काही चूक वाटत नाही.

मित्रांनो, उन्हाळ्यात दाराशी पाणी ठेवा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी एक दुपार जागून बघा. तुम्हाला झोप येत असेल तर मला बोलवा. माझं वय झालंय, पण नाक अजून शाबूत आहे.