दगडफूलचं शेवटचं गाणं

माझ्या बाबांच्या बँडचं नाव होतं दगडफूल. नव्वदच्या दशकात मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या पत्र्याच्या खोलीत चौघं मिळून मराठी रॉक वाजवायचे आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खायचे. बाबा, म्हणजे अभय, गिटार वाजवत गायचे. काकासाहेब बेस गिटार वाजवायचे. एकच कॅसेट निघाली. ती खपली नाही, पण कॉपी होत होत शहरभर पसरली आणि आज इथल्या प्रत्येक नव्या बँडला ती पाठ आहे. कॅसेटवर प्रत्येक गाण्याआधी बाबा हलकेच म्हणतात, "घ्या रे." पोरं तेसुद्धा म्हणतात, मंगलाष्टकांतल्या 'सावधान'सारखं.

बाबा गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेले. दहाव्याला कायगावच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. चुलते म्हणाले, सायलीचं, म्हणजे माझं, लग्न थाटात लावू. कावळ्यानं तोंड फिरवलं. त्याही अवस्थेत मला बरं वाटलं. मग घराचं, देवाचं, सगळ्यांचं सांगून झालं. आई हात जोडून उभी होती. शेवटी काकासाहेब पुढे आले. आता त्यांचं पाइपांचं दुकान आहे आणि पोट बेसच्या आड मावत नाही.

"अभ्या, तुझी सगळी गाणी पुन्हा वाजतील," ते म्हणाले. "एक बी मागं ठेवणार नाय."

कावळा खाली उतरला.

त्या शब्दापायी अल्बम करायचं ठरलं. दगडफूलची गाणी, पण एकेक नवा बँड आपापल्या पद्धतीनं गाणार. रेकॉर्डिंग माझ्याच पुंडलिकनगरच्या स्टुडिओत. स्टुडिओ कसला, भिंतींना गाद्या ठोकलेली खोली. एरवी मी तिथं निवडणुकीची गाणी करते. पोरं बाबांची गाणी मन लावून गायची आणि मला आनंद व्हायला हवा होता.

पण घरात वेगळंच चाललं होतं. बाबा गेल्यापासून रोज दिवेलागणीला आतल्या खोलीतून गिटार सुरात लावल्याचा आवाज यायचा. एक तार, मग दुसरी, थोडं थांबून पुन्हा पहिली. बाबांची सवयच तशी. मी आत गेले की आवाज बंद, आणि गिटार आपली खुंटीला. आधी मी उंदरांवर ढकललं. पण उंदीर सूर लावत नाहीत. मला भीती वाटायची. आईला वाटत नसे. ती त्या वेळी टीव्ही बंद करून भिंतीला टेकून बसायची, आणि मग उठून भात लावायची. भात अजून तिघांचाच लावायची. उरलेला सकाळी फोडणीला.

अल्बममधलं एकेक गाणं पूर्ण होत गेलं तसा तो आवाज कमी होत गेला. पावसाळा सरता सरता एकच तार उरली. आईच्याही ते लक्षात आलं होतं.

आणि गाणंही एकच उरलं होतं. ते कॅसेटवर नव्हतं. लग्नाआधी बाबा आईला घेऊन दौलताबादला अंजिराच्या बागेत गेले होते, तेव्हा त्यांनी ते तिच्यासाठी केलं. ते फक्त तिलाच येतं. काकासाहेब घरी येऊन बसले. सगळी गाणी म्हणालो होतो, वहिनी, असं चार वेळा सांगून पाहिलं. आईनं चहा दिला आणि आठवत नाही म्हणाली. खोटं साफ. भाकरी थापताना ती तेच गुणगुणायची, मी आले की थांबायची.

एकदा मी चिडले. म्हटलं, आई, तू बाबांना अडकवून ठेवलंयस.

"मग?" ती म्हणाली. "एवढं तरी राहू दे माझ्याकडं."

मी विषय तिथंच सोडला. कारण ती तार बंद होईल या विचारानं माझाही जीव जात होता.

पितृपक्षात बाबांच्या तिथीला तिनं गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, कढी, बाबांना आवडायची ती गवारीची भाजी. शेजारच्या गच्च्यांवरची पानं बघता बघता साफ झाली. आमच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसला, पानाकडं बघत राहिला आणि निघून गेला. ऊन चढलं, खिरीवर साय धरली. आई डोक्यावर पदर घेऊन तिथंच उभी. शेवटी पान गायीला घातलं. संध्याकाळी आतली तार एकदाच वाजली आणि आईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"जिता व्हता तवा एक दिवस उपाशी झोपू दिला नाय मी त्याला," ती म्हणाली. "आन् आता मीच उपाशी ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी ती आपणहून स्टुडिओत आली. शब्द ती स्वतः म्हणणार, वाजवायचं ते पोरांनी नंतर वाजवावं, असं तिनं सांगून टाकलं. ती आत एकटी माइकपुढं. काचेच्या अलीकडं मी आणि काकासाहेब, दोघांच्याही कानांवर हेडफोन. मी हात केला. ती गाईना. नुसती उभी राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

मग हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आलं, "घे, मेघा."

मेघा म्हणजे आई. तिला नावानं हाक मारणारं दुसरं कुणी आता नव्हतं. काकासाहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं. आईनं मान हलवली आणि गायला लागली. सूर हलत होता, एक ओळ विसरली, तरी शेवटपर्यंत गायली. नंतर मी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावलं. तिच्या आवाजाआधी तिथं काहीच नाही.

सर्वपित्री अमावस्येला तिनं पुन्हा पान ठेवलं. ती मागं सरकायच्या आत कावळा आला. खीर खाल्ली, वडा उचलला, भाजीही ठेवली नाही.

"लई भूक लागली व्हती," आई म्हणाली, आणि गच्चीतच बसून रडली. दहाव्याला नव्हती रडली ती.

त्या संध्याकाळी तिनं टीव्ही बंद केला आणि भिंतीला टेकून बसली. मी तिच्याशेजारी. आतली खोली गप्प होती. रस्त्यावरचे दिवे लागले, अंधार पडला, तरी आम्ही कान देऊन बसून राहिलो. मग आई उठली, तांदळाच्या डब्यात हात घातला, घेतलेल्या तांदळातली एक मूठ परत डब्यात टाकली, आणि दोघींपुरता भात लावला.