तानुबाईची तपासणी

वालूरच्या शिवारात आमी बाया कापूस वेचायलो होतो. बोंडं अशी फुटली होती की पऱ्हाटी पांढरीधोट दिसायली. भाकरीची वेळ झाली तशी महेश्वरीनं पिशवीतून फडकं ओढलं, अन् त्याच्यासंगं दवाखान्याचं कार्ड खाली पडलं. राजेश्रीनं उचललं. ती बारावी शिकलेली. वाचता वाचता तिचं तोंड उतरलं.

"एचआयव्ही," ती हळूच बोलली, पण सगळ्यांच्या कानात गेलं.

टोळीची म्होरकी तानुबाई. तिनं पाण्याची कॅन लांब ओढली. "उद्यापासून तुपलं पानी तुपलं आन, महेश्वरी."

महेश्वरीनं भाकर तशीच बांधली अन् घरचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी ती यायची न्हाई असंच आमाला वाटलं. पण आली, अन् संगं सासूला घेऊन आली. मल्लम्मा सत्तरीची, कपाळभर विभूती, अन् आवाज असा की पलीकडच्या शेतातले बैल थांबावेत. बांधावरूनच सुरू झाली.

"तानु! माझ्या सुनंचं पानी तोडलंस म्हनं?"

"रोगच तसा हाय, मल्लम्मा. आमाला लेकरंबाळं हायती."

"मला नव्हतं लेकरू? माझा ल्योक ह्याच रोगानं गेला. भेऊन तपासलंच न्हाई त्यानं, मग गोळ्या कुठून खाईल? ही खायली. नऊ वर्सं, रोज एक गोळी, एक दिस चुकला न्हाई. अन् नऊ वर्सं मी हिच्या हातचं खायले, एका वाकळंत निजायले. बग माझ्याकडं. मेलेली दिसायले का?"

कुनीतरी फस्सकन हसलं. मल्लम्मानं तिथंच फतकल मारली, सुनंची भाकर सोडली, ठेचा लावून खाल्ली, वर सुनंच्याच गिलासाला तोंड लावून पानी प्याली. मग उरलेली अर्धी भाकर पुढं केली. "खावा. न्हाईतर दवाखान्यात जाऊन इचारा, खाल्ल्यानं लागतो का म्हून."

तानुबाई उठून कापूस वेचायला लागली. राजेश्रीनं मात्र हात पुढं केला. कार्डावरचं सगळ्यांत बोलून बसल्याचं तिला लय डाचलं असावं. तिच्यामागून मी बी घास घेतला. ठेचा झणझणीत होता, डोळ्यांतून पानी आलं.

चार दिवसांनी तानुबाई मल्लम्माच्या दारात. डोक्यावर पदर, नजर उंबऱ्यावर.

"आमच्या लेकीला, राजनंदिनीला, पाचवा म्हैना लागला. दवाखान्यात ती तपासणी करा म्हनलेत. दोनदा वाटेतून माघारी आली पोरगी. म्हनती, महेश्वरीकाकू संगं आली तरच जाते."

आमाला वाटलं, आता मल्लम्मा सगळं उसनं फेडणार. तिनं तोंड उघडलं बी, पण महेश्वरी आधी बोलली, "सकाळच्या यष्टीनं निघू, मावशी."

मी बी गेले. परभणीच्या त्या दवाखान्यात महेश्वरीला कोनता दरवाजा, कोनती खिडकी सगळं पाठ. कंपाउंडरापासून डाक्टरीनबाईपर्यंत सगळे तिला नावानं हाक मारायले. राजनंदिनीला तिनं बोलत बोलत बसवलं, अन् रगत कधी काढलं ते पोरीला कळलं बी न्हाई. थोड्या वेळानं बाई म्हनल्या, "काही नाही, एकदम चांगलं आहे." पोरगी हसायला लागली अन् रडायला बी.

आमी उठलो, तर तानुबाई त्याच खुर्चीवर जाऊन बसली. पोलक्याची बाही वर.

"मपलं बी काढा."

"आजी, तुमचं कशाला?" बाईंनी इचारलं.

"गावात धा-पंधरा पोरी हायती भिऊन बसलेल्या. त्यांना आनायचंय. पयला सवाल हाच करतील, तू केली का म्हून."

सुई टोचली तशी तानुबाई एवढ्यानं ओरडली की सगळी रांग हसली. महेश्वरीचा हात तिनं गच्च धरला होता.

"मावशी, झालं. सोडा आता," महेश्वरी हसून म्हनली.

"थांब गं जरा," तानुबाई डोळे मिटूनच बोलली. "मला चक्कर यायली."