मेंदीच्या संध्याकाळी ‘कोरडी विहीर’

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. पण इपेक चांगली नाकीडोळी नीटस होती आणि विघ्नही एकच आलं. ते टीव्हीवरून आलं.

‘कोरडी विहीर’ मंगळवारी लागायची. मंगळवारी संध्याकाळी कुणी कुणाकडे जायचं नाही, भांडणं असतील ती बुधवारवर ठेवायची, हे तुर्कस्तानातल्या आमच्या सगळ्या एद्रेमित गावाला ठाऊक होतं. नव्या वर्षाच्या तोंडावर मालिकेने सुट्टी घेतली. घेतली तीसुद्धा कशी, तर अंधारात गोळी सुटते, एक कानातलं जिन्यावरून टणटण उड्या मारत खाली येतं आणि पडदा काळा! प्रेक्षकांना जिन्यावर तसंच उभं करून मंडळी गेली हवा खायला.

शाळांनाही त्याच सुमारास सहामाही सुट्टी. इपेकचं लग्न त्या सुट्टीत धरलं होतं, कारण नवरामुलगा ताहिर शाळामास्तर, नेमणूक पार देशाच्या पूर्व टोकाला, वानमध्ये. त्याला गावी यायला सवड मिळायची ती तेवढीच. रविवारी लग्न, शनिवारी संध्याकाळी मेंदी. तारीख धरताना पेरिहानने, म्हणजे इपेकच्या आईने, सगळा विचार केला होता. जैतून झाडांवरून उतरलेले, तेल घाण्यावरून घरी आलेलं, बायका मोकळ्या. आणि मंगळवार तर मुळीच नाही.

लग्न आठवड्यावर आलं आणि वाहिनीने जाहीर केलं की सुट्टीनंतर ‘कोरडी विहीर’ नव्या दिवशी दिसेल. शनिवारी.

तासाभरात वरच्या मजल्यावरची सबाहत जिना उतरून आली. तोंडावर भलतंच प्रेम.

“पेरिहान, मी येणार हं मेंदीला. इपेकच्या मेंदीला नाही यायचं तर कुणाच्या? फक्त जरा… सारांश लागायच्या आत निघेन म्हणते.”

“सारांश तर दिवेलागणीलाच लागतो. म्हणजे तू येणार, बूट काढणार आणि परत घालणार.”

“अगं, सारांश चुकवून कसं चालेल? मधे एवढी सुट्टी गेली. कोण कुणाचा कोण, मला काही म्हणजे काही आठवत नाही बघ.”

सबाहतचंही चूक नव्हतं. नव्या भागाआधी जुन्या भागांचा जो सारांश दाखवतात तो नुसता नावाचा सारांश. तो संपेपर्यंत पातेलंभर भात शिजून, खाऊन, भांडी घासून होतात. पण त्याच्याशिवाय ‘कोरडी विहीर’ कळायची नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी पेरिहानला हेच ऐकवलं, फक्त वेगवेगळ्या लाडीगोडीने.

शेवटी पेरिहान मन घट्ट करून विहिणीकडे गेली. ताहिरची आई हाजेर हानम, म्हणजे हाजेरबाई, मोठ्या करारी शिस्तीची बाई. तिच्यासमोर चहात साखर ढवळताना लोक चमचा ग्लासाला लागू देत नसत.

“मेंदी पुढे ढकलायची?” हाजेर हानम म्हणाली. “विहीणबाई, आमच्या घरात असलं कधी झालं नाही.” मग तिने दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “मेंदीच्या त्या हॉलमध्ये टीव्ही आहे का हो?”

“आहे. पुरुष मंडळी फुटबॉल बघतात तो.”

“मग सोपं आहे. जाहिराती लागल्या की मेंदी. जाहिराती संपल्या की सगळ्यांनी गप्प बसायचं. तो ड्रायव्हर खोटारडा आहे, लिहून ठेवा माझं.”

पेरिहान हसत घरी आली. पण तिची खरी चिंता दुसरीच होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

गल्लीत पेरिहानची ख्याती अशी की सगळं रामायण ऐकून रामाची सीता कोण हे विचारणारी बाई ती हीच. मायलेकी एका सोफ्यावर, एका पांघरुणात पाय घालून, सूर्यफुलाच्या बिया फोडत मालिका बघायच्या आणि पेरिहानची टकळी सुरू व्हायची. “इपेक, हा कोण गं?” “इपेक, ही लंगडी कोण गं?” “आई! मकबूले! हवेलीतली जुनी मोलकरीण! दर आठवड्याला सांगते!” “हो का? मग ती रडतेय कशाला?” “गप बस, बघू दे!” आणि सकाळी न्याहारीला इपेक आईला सगळा भाग पहिल्यापासून समजावून सांगायची. वैतागून, हातवारे करून, पावावर लोणी फासायचं विसरून.

खरं सांगायचं तर पेरिहानला सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून.

इपेक चौदा-पंधराची असताना तिचा बाप गेला आणि पोरीने तोंडात मिठाची गुळणी धरली ती कित्येक महिने. शाळा, जेवण, झोप, शब्द नाही. पेरिहान दाराआड उभी राहून रडायची. एका संध्याकाळी टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती, आणि पेरिहानने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “हा कोण गं?” पोरीने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, “त्याचा सावत्र भाऊ. हाच चोर आहे. तुला कसं नाही कळत?” एका दमात तीन वाक्यं! पेरिहानने देवाचे आभार मानले आणि त्या दिवसापासून तिला कुठलीच मालिका कळेनाशी झाली. सावत्र भाऊ गेला, दुसऱ्या मालिका आल्या, पोरगी पुन्हा हसायला-भांडायला लागली, तरी पेरिहानने विचारणं सोडलं नाही. हे गुपित ती कबरीत घेऊन जाणार होती. आता पोरगी चालली होती वानला. सोफ्यावर बसून विचारायचं तरी कुणाला?

“मी फोनवर सांगेन तुला दर आठवड्याला,” इपेक म्हणाली होती. “नाहीतर तू खुन्यालाच जावई समजून जेवायला बोलावशील.”

शनिवारी हॉल तुडुंब भरला. बोरेकची, म्हणजे चीज भरलेल्या खाऱ्या पापुद्र्यांची ताटं, चहाचे ग्लास, बायकांच्या मांडीवर बियांच्या पुड्या. नवरीला खुर्चीवर बसवून डोक्यावरून लाल ओढणी घातली होती. भिंतीवर टीव्ही, त्यात सारांश सुरू झालेला: विहीर, पोलीस, हवेलीचा जिना. पहिल्या जाहिराती लागताच मुली पेटत्या मेणबत्त्या घेऊन नवरीभोवती फिरल्या आणि माहेर सुटल्याची रडकी गाणी झाली. नवरीने रडायचं, मग सासूने तिच्या मुठीत सोनं ठेवायचं, मग मेंदी, असा आमचा क्रम. न रडता मेंदी लागली तर लोक म्हणणार, पोरीला घर सोडायची भारीच घाई.

इपेक काही रडेना. ती रडली की आई कोसळेल, म्हणून पोरीने दातओठ आवळून निश्चयच केला होता. हाजेर हानमने ओढणीचं टोक उचलून आत पाहिलं आणि मान हलवली.

“कोरडी. अगदी विहिरीसारखी.”

आणि तेवढ्यात टीव्ही गेला. दुपारपासून दक्षिणेकडचा लोदोस वारा घोंघावत होता. त्याने हॉलच्या छतावरची डिश फिरवून टाकली. पडद्यावर निळा रंग आणि सिग्नल नसल्याची पाटी. सबाहतने फोनवर लावून पाहिलं, तर नुसतं चक्र गरगरत राहिलं. बाहेर थांबलेल्या पुरुषांना हाका गेल्या. नवरामुलगा स्वतः, लग्नासाठी कडक इस्त्री केलेल्या सदऱ्यानिशी, शिडी लावून छतावर चढला.

पण बायकांना धीर कुठला? एकीने कोट घेतला, की तिच्याकडे बघून दुसरीने.

“पेरिहान, रागावू नकोस गं,” सबाहत म्हणाली. “आमची डिश पक्की आहे. निदान उरलेला सारांश तरी बघते. तो चुकला तर नव्या भागातलं डोंबल कळणार नाही. लगेच येते परत.”

लगेच म्हणजे मध्यरात्री, हे शेंबडं पोरही सांगेल. हॉलच्या दारात बुटांची शोधाशोध सुरू झाली. पेरिहानने मागे वळून पाहिलं. लाल ओढणीखाली तिची पोर बसली होती, हात मांडीवर, मुठी मिटलेल्या, आणि भोवतीच्या खुर्च्या रिकाम्या होत चाललेल्या. पेरिहानचा जीव तुटला. विचार करायला वेळ नव्हता, आणि तिने केलाही नाही.

“बसा खाली!” ती ओरडली. “सारांश मी सांगते!”

हॉलभर हशा पिकला. “तू? अगं तुला अजून ड्रायव्हर कोण ते माहीत नाही!”

“ड्रायव्हर केनान,” पेरिहान म्हणाली. “तो ड्रायव्हर नाहीच. हवेलीचा मालक रुस्तेम बे विहिरीत मेलेला सापडला, त्याला मुलगे दोन. थोरला नाझम हवेलीत राहतो. धाकटा आगीत जळून मेला असं डॉक्टरने लिहून दिलं. तो मेला नाही. चेहरा बदलून केनान नावाने बापाच्याच दारात नोकरीला राहिला.”

हशा थांबला. सबाहत एका पायात बूट घालून उभी होती, ती तशीच राहिली.

“म्हटलं नव्हतं, खोटारडा आहे!” हाजेर हानम म्हणाली.

“खोटारडा आहे, विहीणबाई, पण खुनी नाही. खून झाला त्या रात्री गाडीचं इंजिन गरम होतं, नाझमच्या बायकोने, बेल्गिनने, हात लावून पाहिलं होतं. म्हणजे केनान बाहेर होता. बेल्गिन हे पोलिसांना सांगत नाही, का? तर मग विचारतील, तू त्या वेळी अंगणात काय करत होतीस.”

“हे कधी दाखवलं?” कुणीतरी कुजबुजलं.

“तुम्ही चहा ओतायला उठलात तेव्हा.” पेरिहानला आता रंग चढला होता. तिने सगळं सांगितलं, फाटका फोटो, तळघराचं कुलूप, डॉक्टरची नवी गाडी. कोट परत खुर्च्यांच्या पाठीवर गेले. बिया फुटायला लागल्या. “आणि आता जिन्यावरचं कानातलं. सगळ्या म्हणतात बेल्गिनचं. तिचा खडा लाल. खाली पडला तो हिरवा. हिरवा खडा कोण घालतं? मकबूले. ती लंगडी मोलकरीण. आता नीट ऐका. मकबूले चहा घेऊन येते तेव्हा डाव्या पायाने लंगडते. तळघरात जाते तेव्हा उजव्या.”

“अगं, ती चूक असेल त्यांची!”

“एकदा झाली तर चूक. दर वेळी होते. मकबूले एक नाही. दोन आहेत.”

बायकांनी तोंडात बोटं घातली. आणि तेवढ्यात लाल ओढणीखालून आवाज आला.

“आई.”

आपण काय करून बसलो, ते पेरिहानला तेव्हा कळलं.

“आई, तुला सगळं कळत होतं?”

“कळत होतं गं.”

“दर आठवड्याला विचारायचीस. ही लंगडी कोण, ही लंगडी कोण. आणि मी ओरडायची तुझ्यावर. मग विचारायचीस कशाला?”

पेरिहानने मान खाली घातली. एवढ्या बायकांसमोर खोटं बोलायचं तरी कसं?

“तू बोलावंस म्हणून,” ती म्हणाली. “बाबा गेल्यावर तू बोलायचीच नाहीस. फक्त तेवढ्याला बोललीस. मग मला भीती वाटायला लागली, मी विचारायची थांबले तर तू पण थांबशील.”

ओढणी आधी थरथरली, मग गदगदून हलायला लागली. इपेक रडली ती अशी, की मेणबत्त्या धरलेल्या मुलीही रडल्या, बूट घातलेली सबाहत रडली, आणि पेरिहान धावत जाऊन ओढणीच्या आत शिरली. दोघी मिळून रडत होत्या आणि मधेच हसत होत्या. “माझी सगळी न्याहारी थंड व्हायची, बाई!” इपेक हुंदक्यांत म्हणाली.

“रडली!” हाजेर हानमने डोळे पुसत हुकूम सोडला. “पोर रडली! आणा मेंदी, जाहिरातींची वाट बघू नका!” तिने नवरीच्या मुठीत सोन्याचं नाणं दाबलं. मूठ उघडली, मेंदी लागली, ती पुसू नये म्हणून हातांवर लाल कापडी पिशव्या चढल्या.

तेवढ्यात टीव्ही खरखरला आणि जिवंत झाला. छतावरून ताहिरचा आवाज आला, “दिसतंय का? मी हाताने धरून ठेवलीय! सोडली की फिरते!”

“सोडू नकोस!” अख्खा हॉल एका आवाजात ओरडला. जावई असावा तर असा.

नवा भाग सुरू झाला. इपेक खुर्ची सोडून आईशेजारी येऊन बसली, पिशव्या घातलेले हात मांडीवर ठेवून. पेरिहान तिच्या तोंडात एकेक बी सोलून घालत होती. पडद्यावर तळघर. डाव्या पायाने लंगडत मकबूले खाली उतरली. समोरचं दार करकरलं आणि उजव्या पायाने लंगडत दुसरी मकबूले बाहेर आली.

असा काही गलका उठला की छत उडायचं तेवढं राहिलं. हाजेर हानमने चक्क शिट्टी मारली. वरून ताहिर विचारत होता, “काय झालं? अहो, काय झालं?” त्याला उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता.

इपेकने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोळे अजून ओले, ओठांवर हसू.

“आई,” ती म्हणाली, “ही लंगडी कोण गं?”

“गप बस, बघू दे,” पेरिहान म्हणाली. मग पोरीने विचारलंय म्हटल्यावर तिने तिला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.