पाणमांजराची वाट पाहताना

रविवारी सूर्योदयाच्या वेळी, तलावाकाठच्या राखीव उद्यानातील मचाणावर सासरे, मेहुणा आणि मी पाणमांजराची वाट पाहत बसलो होतो. ते एकदा तरी डोळ्यांनी दिसावे, हा सासऱ्यांचा ध्यास. आणि मेहुण्याची जीभ क्षणभर टाळ्याला लागेल तर शपथ! या गृहस्थापुढे मी केव्हाच हात टेकले आहेत.

अखेर लव्हाळ्यातून एक ओले डोके वर आले. सासऱ्यांनी दुर्बीण उचलली.

“बाबा, ते बघा, ते बघा!” मेहुणा किंचाळला.

“अरे, हळू बोल की!” मी दटावले.

“तुम्हीच ओरडताय, भावजी!”

“मी ओरडत नाहीये, तुला समजावतोय!”

सासऱ्यांची दुर्बीण स्थिरावेपर्यंत पाण्यावर नुसती वर्तुळे उरली होती. त्यांनी ती शांतपणे पिशवीत ठेवली.

“पुढच्या रविवारी,” ते म्हणाले, “मी एकटाच येणार.”